नरसय्याच्या दोन बश्या

आमच्या गल्लीत नरसय्यासमोर बिनचष्म्याने बसायची सोय नव्हती. तो डोळ्यांत वाकून बघायचा आणि विचारायचा, "लेसर केलंय का? रात्री दिव्याभोवती गोल दिसतंय का, खरं सांगा की."

कारण त्याच्या लेकीला, लक्ष्मीला, चष्मा नकोसा झाला होता. स्कूटरवर हेल्मेट घातलं की काचा धुरकट व्हायच्या. डॉक्टर तयार होते, पण नाना, म्हणजे नरसय्या, हो म्हणाल्याशिवाय करायचं नाही, असं तिनेच ठरवलं होतं. घरात दोघंच.

नरसय्याचा जन्म चादरीच्या कारखान्यात सूत तोलण्यात गेलेला. त्याने चहाच्या टपरीवर दोन बश्या मांडल्या. लेसर करून सुखी झालेला कुणी भेटला की डाव्या बशीत एक शेंगदाणा. डोळे कोरडे पडले, नंबर परत आला, असं कुणी म्हणालं की उजवीत. ज्या बशीत जास्त दाणे, तसं करायचं. अडचण एकच. बोलता बोलता तो डाव्या बशीतले दाणे खायचा.

"अरे, लेकीची बाजू खातोयस," मी म्हणालो.

"उजवीकडचे कडू निघालेत काका."

एकदा त्याने मोहोळच्या एका वकिलाला गाठलं. वकील म्हणाला, "मला चष्मा कधी लागलाच नाही."

"ते हाय की. पण त्रास काय होतोय?"

वकील वैतागून उठला. नरसय्याने एक दाणा उजवीकडे टाकला आणि त्याच्या मागे गेला.

गल्ली त्याला भित्रा म्हणायची. ती चेष्टा मीच सुरू केली होती, म्हणून आज हे लिहितोय. आणि हेही, की तो वकिलामागे गेला तेव्हा डाव्या बशीत मूठभर दाणे मी टाकले. परत आल्यावर तो बशीकडे बराच वेळ बघत राहिला. एकही दाणा न खाता म्हणाला, "करू दे मग."

ऑपरेशन छान झालं. काही दिवसांनी लक्ष्मी कामावर निघाली तेव्हा मी त्यांच्या दारात होतो. "येते नाना" म्हणाली आणि गेली. नरसय्या उंबऱ्यात उभा, हातात मऊ सुती फडकं. ती शाळेत जायची तेव्हापासून रोज सकाळी तिचा चष्मा तोच पुसून द्यायचा, हे मला त्या दिवशी कळलं. मोठी झाल्यावर बाकी सगळं तिचं ती करायची. तेवढं एक काम तिने त्याच्याकडे ठेवलं होतं.

"नीट दिसतंय ना तिला?" मी विचारलं.

"लई झ्याक. लांबच्या पाट्या वाचती." त्याने फडक्याची घडी केली, परत उलगडली. "काका, तुमचा चष्मा लई मळलाय की. द्या हिकडं."

मी तो घरून पुसूनच निघालो होतो. काढून दिला.