बाकाला दोन हात

आमच्या सोसायटीतले सुर्वेकाका कुठेही बसले की हाताची घडी घालायचे आणि तसेच उठायला बघायचे. नाही जमलं की खिशातून खडू काढून त्या खुर्चीवर फुली मारायचे. वर मोठ्याने, "रिजेक्ट!" डॉक्टरांच्या दवाखान्यातली खुर्ची रिजेक्ट. लग्नाच्या हॉलमधला नवरानवरीचा सोफाही रिजेक्ट, तोसुद्धा अक्षता पडायच्या आधी! नवरदेवाची आई अजून त्यांच्याशी बोलत नाही.

काका पावण्याच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात माल तपासायचे. रिटायर झाल्यावर माल सुटला, खडू काही सुटला नाही. नेरूळ तेव्हा नवंकोरं, आमची पहिलीवहिली बाग नुकतीच झालेली. मी बाग कचेरीत ड्राफ्ट्समन. वय पंचवीस, अक्कल बेताची. बागेतल्या बाकांचं ड्रॉइंग माझं. दिसायला झकास! बुटके, खोलगट, हातबित काही नाहीत. पहिल्याच आठवड्यात अकराच्या अकरा बाकांवर फुल्या.

"काका, अहो, बसायला किती आरामशीर आहेत!"

"बसायला काय, गाढवपण बसतं. उठून दाखव! ह्या बागेत संध्याकाळी येतं कोण? आमी थेरडे!"

साहेब म्हणाले, लेखी द्या. काकांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'बागेतील सर्व बाकांना दोन-दोन हात द्यावेत.' मीच त्यावर 'तातडीचे' असा शेरा मारून अर्ज पुढे सरकवला.

चौथ्या दिवशी काका कचेरीत घुसले आणि साहेबांकडे पाठ करून उभे राहिले. पांढऱ्या पँटवर हिरवेगार तीन पट्टे!

"हे काय?" साहेब ओरडले.

"तेच विचारतोय मी! हे काय?"

रंगाऱ्यांचा मुकादम छाती काढून पुढे आला. "दोन-दोन हात दिले की, साहेब! पयला वाळला, मग दुसरा. अर्जात तसंच लिवलंय ना?"

"थांब, तिसरा हात मीच देतो तुला!" काका धावले. त्यांना आवरता आवरता मी हसून लोळायचा बाकी होतो. काका मात्र शेवटपर्यंत हसले नाहीत. मला वाटलं, पँटचं दुःख.

संध्याकाळी नवा अर्ज सहीसाठी घेऊन मी त्यांच्या घरी गेलो. काका चहा टाकायला आत गेले, तशा काकू हळूच म्हणाल्या, "बाग झाली तेव्हा मी हौसेने गेले होते रे. बाकावर बसले आणि मेले गुडघे सरळच होईनात. दोन परक्या माणसांनी काखेत हात घालून उचललं. सगळे बघत होते. तेव्हापासून जिना उतरले नाही मी. हे रोज विचारतात, येतेस का? मी नाही म्हणते."

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. तो बाक माझा होता.

दुसऱ्याच दिवशी नवं ड्रॉइंग काढलं. बैठक आधीपेक्षा चार बोटं उंच, बसणाऱ्याच्या दोन्ही बाजूंना आवाक्यात लाकडी हात. मुकादमाला माझे स्वतःचे दंड धरून दाखवले, म्हटलं, बाबा रे, हे असले हात!

महिन्याभराने पहिला बाक बसला. काकू आल्या, काकांचा खांदा धरून. बसल्या. मग दोन्ही हातांवर तळवे टेकले आणि कुणाचीही मदत न घेता उठल्या. काकांचे डोळे भरले आणि त्यांनी ते लपवलेही नाहीत.

काकू परत बसल्या.

"दमलीस? जाऊया घरी?" काकांनी विचारलं.

"इश्श, इतक्यात? आता उठता येतंय ना, मग बसू दे की जरा."