वसमतकर बाईंचा फॉस्फरस

रविवारी दुपारी कॉलनीतली जेवणं उरकली, की वसमतकर बाई दारोदार हाडं मागत फिरायच्या. एका हातात पितळी डबा, दुसऱ्या हातात चिमटा. स्वतः पक्क्या शाकाहारी. अंड्याच्या वासानंही पदर नाकाला लावायच्या. कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत, एकट्याच राहत, आणि जगातला फॉस्फरस संपत चालल्याची काळजी त्यांनी सगळ्या जगाच्या वतीनं अंगावर घेतली होती.

"कोळसा संपला तर सूर्य आहे," त्या म्हणायच्या. "फॉस्फरस संपला तर काय आहे? त्याच्या बदली दुसरं काही चालत नाही. ना गव्हाला, ना तुम्हाला."

परदेशातल्या वाळवंटात खडक खणायचा, जहाजातून आणून त्याचं खत करायचं, ते पिकात, पीक पोटात, आणि पोटातलं सगळं शेवटी नाल्यात! हे सांगताना बाईंचा आवाज घरात चोरी झाल्यासारखा व्हायचा. एकदा भिंतीकडे तोंड करून उभ्या असलेल्या माणसाला त्यांनी भर रस्त्यात झापलं, "अहो, इथं कशाला? शेतात जा! फॉस्फरस वाया घालवताय!" तो बिचारा अर्ध्यातून पळाला.

जमवलेली हाडं त्या गच्चीवर शेगडीत भाजायच्या, खलात कुटायच्या आणि परसातल्या वेलांना घालायच्या. वास असा सुटायचा की चिकलठाण्याच्या कारखान्यांचा धूर त्यापुढं उदबत्तीसारखा वाटावा. पण दुधी मात्र मांडीएवढा धरायचा, आणि तो आम्ही सगळे फुकट आणायचो.

पंचाईत एवढीच, की आमची कॉलनी स्वतःच्या सांगण्यानुसार शाकाहारी होती. कांदा-लसूणही चातुर्मासात सोडणारी. अशा कॉलनीत सेलूकरकाका एकदा सोवळं नेसून तुळशीला पाणी घालत होते आणि बाई रस्त्यातूनच ओरडल्या, "काका, मागच्या रविवारची नळी फार छान होती हो! आज काही आहे?" काका महिनाभर बाईंशी बोलले नाहीत. हाडं मात्र मागच्या दारानं, कागदात गुंडाळून, येत राहिली.

लपवाछपवी न करणारं घर एकच, वाघमाऱ्यांचं. वाघमारे माझ्याच कारखान्यात फिटर. त्यांची बायको रत्ना दारातून हाक मारायची, "बाई, या की. लई जमवून ठिवल्यात तुमच्यासाठी."

मग विद्यापीठाच्या नामांतराचा प्रश्न पेटला. मोर्चे निघाले, बस बंद पडल्या, खेड्यांतून दलितांची घरं जाळल्याच्या बातम्या येऊ लागल्या. कारखान्यात मी आणि वाघमारे एकाच मशीनवर काम करत होतो. कॉलनीत मात्र लोक त्यांचं घर आलं की रस्त्याची बाजू बदलू लागले. रत्नाला हळदीकुंकवाचं बोलावणं बंद झालं. आणि एका संध्याकाळी सेलूकरकाकांनी आपल्या ओट्यावर बैठक बोलावली. वाघमारे सोडून सगळे हजर.

"आपलं त्यांच्याशी वैर नाही," काका मधाळ आवाजात म्हणाले. "पण वातावरण निवळेपर्यंत त्यांनी दुसरीकडं राहावं. त्यांच्याच भल्यासाठी."

सगळ्यांना एकदम वाघमाऱ्यांच्या भल्याची काळजी लागली. माना डोलल्या.

"म्हणजे?" वसमतकर बाई उठल्या. "मग माझ्या हाडांचं काय?"

ओटा हसला. बाईंना आपल्या हाडांचीच पडलेली!

"हसू नका. एक घर कमी झालं तर मला बाकीच्यांकडून जास्त घ्यावी लागतील. काका, तुमच्याकडची नळी चालेल. जोशीवहिनी, तुमच्याकडं पाया होतो ना, तो फेकू नका. आणि कुलकर्णी, तुम्ही ते कोंबडीचं..."

कुलकर्ण्यांना तेवढ्यात गॅसवर दूध ठेवल्याचं आठवलं. जोशीवहिनींचा मुलगा रडायला लागला असावा. बघता बघता ओट्यावर काका, मी आणि बाई उरलो. वाघमाऱ्यांचा विषय त्या कॉलनीत पुन्हा कुणी काढला नाही.

दुसऱ्या दिवशी वाघमाऱ्यांना कारखान्याचा निरोप द्यायला गेलो, तर बाई त्यांच्या स्वयंपाकघरात पाटावर बसून पिठलं-भाकरी खात होत्या.

"कमाल केलीत बाई," मी म्हणालो. "हाडांसाठी माणूस एवढं भांडतो!"

"हाडं काय हो," त्या भाकरीचा तुकडा मोडत म्हणाल्या, "खाटकाकडं पोतंभर मिळतात. फुकट."

"मग दारोदार कशाला फिरता?"

बाई तुकडा पिठल्यात बुडवत राहिल्या. मग माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "रविवार फार मोठा असतो. सगळे दारातूनच पुडकं पुढं करतात. ही एकटीच 'बसा' म्हणते."

रत्ना तव्याकडं तोंड करून होती. "बसा काय, जेवल्याबिगर उठायचं नाय," ती म्हणाली, आणि विचारल्याशिवायच तिनं दुसरी भाकरी बाईंच्या ताटात टाकली.