पुंडलिक घाडींची दुर्बीण

पुंडलिक घाडी वारल्यापासून स्वतःच्या ठासणीच्या बंदुकीवरच्या दुर्बिणीत राहतात. नुसत्या डोळ्यांनी ते दिसत नाहीत. पडवीत बसून बंदूक कठड्यावर टेकवली आणि दुर्बिणीला डोळा लावला, की काजूच्या बागेच्या टोकाला, बांधाजवळच्या दगडावर तंबाखू मळत बसलेले दिसतात. आमच्या गावात याचं कोणाला विशेष वाटलं नाही. हयात असतानाही माणूस तिथेच सापडायचा.

मी गावचा पोलीसपाटील. माकडं-डुकरं हाकलायला परवाना मिळालेल्या बंदुकांवर नजर ठेवणं माझ्याकडे, म्हणून हे सगळं मला ठाऊक. पुंडलिकभाऊंची बायको चंद्राकाकी रोज सकाळची पेज झाली की दुर्बिणीशी बसायची आणि त्यांना घरातलं काय काय सांगायची. ते उत्तर देत नसत. पण ते आधीही देत नसत.

काळजी एकच होती, काचेची. ठासणीच्या बंदुकीचा चाप ओढला की दारू पेटवणारी टोपी फुटते, आणि तिची ठिणगी नि दारूचा धूर सरळ दुर्बिणीवर येतो. ती काजळी काच खाते, आणि खाल्लेली काच पुसून उजळत नाही. म्हणून काकीने दुर्बिणीखाली सायकलच्या ट्यूबची पट्टी काथ्याने आवळली होती, वरून जुन्या लुगड्याचा पदर गुंडाळला होता, आणि बार काढणं बंदच केलं होतं. माकडांनी नारळ नेले, डुकरांनी सुरण उकरला. तिने नेऊ दिलं.

मग निवडणूक आली. निवडणुकीला परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा कराव्या लागतात. तिथे त्या ओल्या खोलीत एकावर एक रचलेल्या असतात, असं मीच काकीच्या मुलाला, उल्हासला, सांगितलं. मुलगा आईचा जीव जपणारा. त्याने दुर्बीण अलगद काढून फडक्यात बांधली, तांदळाच्या पिंपात पुरली आणि नुसती बंदूक जमा केली. निकाल लागल्यावर पुन्हा बसवली. दुर्बीण काढून बसवली की नेम हलतो, हे गावातल्या कुठल्याही शिकाऱ्याने त्याला सांगितलं असतं. त्याने कोणाला विचारलं नाही.

काकीने डोळा लावला तर दगड रिकामा. भाऊ बांधापलीकडे, अर्जुन पालवाच्या बागेत उभे होते.

या बांधावरूनच भाऊंचं आणि पालवाचं बोलणं कधीचं तुटलेलं. पालवाच्या जमिनीला पाय लागू नये म्हणून भाऊ देवळातसुद्धा लांबचा वळसा घालून जायचे. आता ते तिथे उभे होते. हातातली तंबाखू तशीच होती आणि ते खाली बसत नव्हते. आठवडा गेला तरी बसले नाहीत. काकीचं जेवणावरचं मन उडालं.

मयत इसम आपल्या हद्दीत आहे, हरकत असल्यास सांगावी, असं मी पालवाला रीतसर कळवलं. तो स्वतः आला. दुर्बिणीतून बराच वेळ बघत राहिला.

"वयनी, ऱ्हवांदेत तेंका थंयच," तो म्हणाला. "माझो काय एक तरास नाय. व्हया तर खुर्ची ठेवतंय."

"तुमका नसात," काकी म्हणाली. "तेंका आसा. मेल्यार पण माणसान उभ्यानच ऱ्हवाचा काय?"

नेम जागेवर आणायला एकच उपाय होता. दुर्बिणीचा स्क्रू जरासा फिरवायचा, बार काढायचा आणि बघायचं. बार काढल्याशिवाय ती नवी जागा धरत नाही. आणि दर बाराला काच थोडी जाणार. मी काकीला हे पुन्हा पुन्हा समजावलं. "आये, दिसतत तरी. ऱ्हवांदे," उल्हास म्हणाला. तिने ट्यूबची पट्टी घट्ट केली, दुर्बिणीवर ओलं फडकं धरायला त्यालाच बसवलं आणि दारू स्वतः ठासली. पालव घरी गेला नाही. आमच्यामागे पायरीवर बसून राहिला.

पहिल्या बाराला भाऊ पालवाच्या फणसापर्यंत आले. पुढच्या बाराला आणखी अलीकडे. फडक्याला भोकं पडली, ट्यूब करपली. बांधाला लागले तेव्हा त्यांचा चेहरा उरला नव्हता, नुसता सदरा पांढरा दिसत होता. काकी थांबली. इतकं पुरे, असं मी म्हणेपर्यंत तिने पुन्हा दारू ठासली होती.

"येवा," ती दुर्बिणीत हळूच म्हणाली आणि चाप ओढला.

धूर निवळला. काकीने डोळा लावला. मी नंतर पाहिलं, काच तव्यासारखी काळी झाली होती. तिने डोळा काढला नाही.

"इले?" पालवाने विचारलं.

"इले."

"बसले?"

"बसले," काकी म्हणाली.

पालव उठला आणि घरी गेला, बांधावरून नव्हे, रस्त्याने. बार काढल्यावर धुवायची असते तशी काकीने बंदूक गरम पाण्याने धुतली, दुर्बिणीला मात्र थेंब लागू दिला नाही. ट्यूबची नवी पट्टी कापून आवळली, वरून पदर गुंडाळला. दुसऱ्या दिवशी पेज झाल्यावर ती पडवीत बसली, पदर सोडला, डोळा लावला आणि सुरणाचं काय झालं ते त्यांना सांगू लागली.