कप्तानाच्या विड्याची हकीकत

श्रीगजवदन प्रसन्न. चित्रपेटीच्या काचेआड जी हास्यदेवता वास करिते तिसही साष्टांग दंडवत घालून वर्तमान लिहितो ते ऐसे जे. शके एकोणीसशे सात, क्रोधननाम संवत्सर, आश्विनमास. ते समयी राज्यात सर्व कुशल होते, महाराज सुखरूप होते आणि किल्ल्याच्या बुरुजावर तोफेशेजारी अँटेना उभी होती, आणि तिच्या प्रतापे दर गुरुवारी चित्रपेटीत परमुलखीच्या लढाईचा एक विनोदी खेळ दिसे. खेळ ऐसा की, छावणी पडली आहे, गोळे सुटताहेत आणि तशातही माणसे हसताहेत. त्यात एक कप्तान, देखणा, मरणासही टोमणा मारून परतविणारा. एक सुभेदार, पोट पुढे आणि अक्कल मागे. आणि एक आचारी, पळी घेऊन ज्याला त्याला ‘जेवलास का?’ पुसत हिंडणारा, ज्याच्या वरणास सारी छावणी नावे ठेवी. हा खेळ पाहून राज्य खुळे जाहले, आणि मग महाराजांणी दंडक घातला की, दसऱ्याचे दरबारी प्रत्येक पात्राच्या नावे तबकात विडे मांडावे, ज्यास जे पात्र आपुले वाटेल त्याने तो विडा खावा आणि पुढील दसऱ्यापर्यंत तैसेच वागावे. विडा गिळला म्हणजे शब्द फिरविणे नाही.

आता किल्लेदार हैबतराव. मिशा भरघोस, आवाज तोफेचा, आणि आपण कप्तान आहो याविषयी मनात तिळमात्र संशय नाही. आरशापुढे उभे राहून टोमणे घोटीत आणि आपणच हसत. उणे इतुकेच की, कुटुंब सगुणाबाईसाहेब यांणी ‘होय, आपणच कप्तान’ ऐसे एकदाही म्हटले नव्हते, आणि ते ऐकल्यावाचून रावांस घास गोड लागेना. बाईसाहेब गुरुवारी पडद्याआड बसून खेळ पाहत आणि सुपारी कातरीत, आणि कोणी एक पात्र आले की अडकित्ता थांबे. ते पात्र कप्तानच, हे राव धरून चालले होते. खुद्द पडद्याकडे कधी पाहिले नाही, कारण आपली नजर कप्तानावरून हटेल तर ना!

दसऱ्याचे सकाळी राव पगडी बांधीत पुसते जाहले, “आज आम्ही कप्तानाचा विडा उचलणार. शोभेल ना?”

बाईसाहेब म्हणाल्या, “इकडची मर्जी. काही खाऊन जाणं व्हावं, म्हणजे झालं.”

राव मनात खट्टू जाहले, परंतु मिशीस पीळ देऊन दरबारी गेले आणि पहिला विडा त्यांणीच उचलिला. मग दिवाण त्रिंबकपंत यांणी कप्तानाचाच उचलिला, आणि फडणिसांणी तोच, आणि माहुतांणी तोच, आणि महाराजांणीही तोच, आणि मुदपाकखान्याच्या आचाऱ्याने हात पुसून तोच तोंडात टाकिला आणि म्हणाला, “आजपासनं आपण निस्तं बोलणार. भाजी चिरायची ज्यानं त्यानं.” सुभेदाराचे आणि आचाऱ्याचे विडे तबकात सुकत राहिले. परिणाम ऐसा की, राज्यात हुकूम देणारे झाडून सारे आणि ऐकणारा औषधासही नाही, चुली थंड आणि लोक चुरमुरे खाऊन परस्परांस टोमणे मारीत.

तशात दसऱ्यामागून आलेल्या गुरुवारी ओढ्यापलीकडील राज्याची फौज चालून आली. त्यांची चित्रपेटी धूसर दिसे, आणि खेळाचा शेवटला भाग त्याच सायंकाळी होता, म्हणोन अँटेना काबीज करावी ही त्यांची मसलत. इकडे तटावर एकच गर्दी उडाली. एक म्हणे दरवाजा लावा, दुसरा म्हणे उघडा, आणि तोफेस बत्ती देण्याचा हुकूम सर्वांणी दिला पण बत्ती कोणी दिली नाही. खालीही तीच गत, कारण हा दंडक तिकडेही पोचला होता. दोन्ही फौजा उन्हात उभ्या राहून टोमणे मारू लागल्या, आणि मारता मारता एक टोमणा गनिमाच्या सरदाराच्या, रायाजीच्या, आईवर गेला. मग हसणे थांबले. रायाजीने तलवार उपसली, मागे साऱ्यांणी उपसल्या, वरतीही उपसल्या, आणि आता रक्त सांडते ऐसी वेळ आली.

हैबतरावांपाशी एक टोमणा राखून ठेविला होता, असा की ऐकता गनीम जागीच पेटावा. तो मारावयास ते तटावर चढले. छाती भरून घेतली. खाली पाहिले तो एक शिपाई, ओठ सुकलेले, भाल्यावर भार टाकून उभा. आणि रावांच्या मुखातून, त्यांचे त्यांसच नवल, शब्द निघाले, “जेवलास का रे?”

शिपाई म्हणाला, “न्हाई जी. कालधरनं कोरडंच हाय. आमचा आचारी कप्तान झालाय!”

मग रायाजीसच हसू फुटले, आणि हसणाऱ्याच्याने तलवार धरवत नाही. राव उतरून थेट दरबारी गेले, आचाऱ्याचा सुकलेला विडा तोंडात कोंबिला, बाह्या सारल्या आणि मुदपाकखान्यात शिरून हंडाभर पिठले रटरटविले. मग दरवाजा उघडून दोन्ही फौजा एका पंगतीस बसविल्या आणि रावांणी आपुल्या हाते वाढिले. पिठल्यात गुठळ्या. त्रिंबकपंत म्हणाले, “हे पिठले आहे की गोफणगुंडे?” आणि रायाजीने त्यास दुजोरा दिला, आणि तेणेकरून दोन्ही राज्यांचा तह जाहला.

सायंकाळी शेवटला भाग सर्वांणी एकत्र पाहिला. हैबतराव मात्र त्या दिवशी चित्रपेटीकडे न पाहता पडद्याकडे पाहत होते. कप्तान आला, अडकित्ता चालू. सुभेदार आला, चालू. आचारी पळी घेऊन आला आणि अडकित्ता थांबला.

खेळ संपल्यावर राव हलकेच म्हणाले, “म्हणजे आम्ही कप्तान नव्हतोच कधी.”

“कप्तान बोलतो छान,” बाईसाहेब म्हणाल्या. “पण लग्न होऊन आम्ही या घरात पाऊल टाकलं, सारे दागिने बघत होते, तेव्हा ‘जेवलात का?’ असं एकट्या इकडून विचारणं झालं होतं. तेव्हापासून आमचं ठरलेलंच आहे.”

मिशीस पीळ देण्यास रावांचा हात वर गेला तो डोळे पुसून खाली आला.

एकाने दोन विडे खाऊन दंडक मोडिला म्हणोन महाराजांणी रावांस दंड केला की, दर दसऱ्यास पिठले त्यांणीच करावे. तो त्यांणी मोठ्या दिमाखाने भोगिला. सारांश, त्या वर्षी दोन्ही राज्यांत कप्तान उदंड जाहले आणि आचारी एक जाहला, म्हणोन सारे जगले. गुठळ्या मात्र अखेरपर्यंत मोडल्या नाहीत. लिहिणाराने खाल्ले आहे. लेखनसीमा.