हात वर केला की जॉबर

आमच्या संघटनेच्या मोर्चात मुठी वर गेल्या की मल्लूअप्पांची पंचाईत होते. आम्ही घोषणा देतोय आणि हा साठी ओलांडलेला माणूस रांगेत एकेकाच्या पुढ्यात जाऊन विचारतोय, "काय झालं? कुटं अडलं?" कलेक्टर कचेरीसमोर मी एकदा "आवाज कुणाचा!" म्हणून हात उंचावला, तर माझी बाही ओढून म्हणाले, "बोला की. हितं हाय मी."

त्यांचा दोष नाही. एकतीस वर्षं ते चादरीच्या कारखान्यात जॉबर होते. जॉबर म्हणजे बंद पडलेला माग चालू करून देणारा माणूस. शेडमध्ये असा खडखडाट असतो की हाक मारून उपयोग नाही. माग अडला की कामगार हात वर करतो आणि जॉबर पाना घेऊन धावतो. अजूनही सात रस्त्याच्या चौकात कुणी रिक्षाला हात केला, तरी अप्पा चहा सोडून अर्धे उठतात.

मग कारखान्यात नवे माग आले. धागा तुटला की ते आपले आपण थांबतात, कुठं तुटला तेही आपणच दाखवतात. मालकानं अप्पांना नारळ दिला. खराखुरा, शालीसकट. मी पत्रक काढलं: 'यंत्राला मान, माणसाचा अपमान!' त्याच पत्रकावर मालक भजी खात होता, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

त्यानंतर अप्पांना दुसरा जॉब लागला, तो असा. घरात त्यांच्या मुलीचा, सुवर्णाचा, जुना मोबाइल पडून होता. एके दिवशी त्यावर सूचना वाजली: 'नवे जॉब आले आहेत. आजच निवडा!' अप्पा धापा टाकत संघटनेच्या कचेरीत आले. "लीडर, भरती निघाली! शिफ्ट कुटली ते बघा आदी."

तो मोबाइलवरचा खेळ होता. पाच-सहा जणांनी आपापल्या गावाहून एक टोळी करायची आणि राक्षस मारायचे. प्रत्येकानं एक काम पत्करायचं, त्यालाच तिथं जॉब म्हणतात. कुणी तलवारवाला, कुणी ढालवाला, आणि कुणी वैद्य. वैद्यानं मागं उभं राहून जखमींना बरं करायचं. मला वाटलं, हे ऐकून माणूस खट्टू होईल. पण अप्पांचा चेहरा उजळला. "तलवारवाले म्हंजे मागवाले. आन वैद्य म्हंजे जॉबर. मग येतंय की मला!" आणि वैद्याचं नावही त्यांनी 'जॉबर'च ठेवलं.

तेव्हापासून रोज दुपारी एक वाजता, म्हणजे अप्पांच्या भाषेत "जेवणाचा भोंगा झाला की", ते आमच्या कचेरीच्या बाकावर बसतात. मोबाइल पाना धरावा तसा मुठीत. मधेच ओरडतात, "थांब गं, आलो!" किंवा "ब्याड, ब्याड! पुढं जाऊ नको!" तोंडातून कानडी निघाली की समजावं, राक्षस मोठा आहे.

मागच्या महिन्यात कागद-पेन घेऊन माझ्यासमोर उभे राहिले. "पत्रक लिवा."

खेळ चालवणाऱ्या कंपनीनं जाहीर केलं होतं: समतोल साधण्यासाठी नवा जॉब आणतोय. स्वतःच्या जखमा स्वतःच भरून काढणारा तलवारवाला. वैद्यावाचून कुणाचं अडायला नको.

"वर 'महोदय' असं टाका," अप्पा म्हणाले. "लिवा, ज्यो लढतोय त्येनं लढावं. मलमपट्टी त्येचं काम न्हवं."

माझं डोकंच फिरलं. कंत्राटी कामगार हातमोज्यांशिवाय रंगाच्या टाक्या ढवळतात, त्यांचं पत्रक छापायला आमच्याकडे कागद नाही, आणि ह्यांना खोट्या राक्षसांपायी निवेदन हवंय! तोंडावर म्हणालो, "अप्पा, खेळ आहे तो. नसला वैद्य तर कुणाचं काय जातंय?"

अप्पांनी पेनाला टोपण लावलं. काढलं. परत लावलं.

"त्यातली तलवारवाली सुवर्णा हाय," म्हणाले.

तीन वर्षांपूर्वी सुवर्णानं पुण्यात आपल्या मनानं लग्न केलं. अप्पांनी तिला फोनवर सांगितलं, ह्या दारात पाय ठेवू नको. तेव्हापासून बोलणं बंद. तिच्या जुन्या मोबाइलवरचा खेळ मात्र तिच्याच टोळीला जोडलेला राहिला होता. 'जॉबर' टोळीत शिरला त्याच दिवशी तिनं ओळखलं असणार. जगात दुसरं कोण वैद्याचं नाव जॉबर ठेवेल? तिनं विचारलं नाही. ह्यांनी सांगितलं नाही. ती ऑफिसच्या जेवणाच्या सुट्टीत खेळते.

"जखम झाली की खेळातबी हात वर करती," अप्पा म्हणाले. "ल्हानपणी माजा डबा घेऊन शेडात यायची, तितं शिकली. आता तिचं तिला बरं करता आलं, तर हात कशाला वर करंल ओ?"

मी पत्रक लिहिलं. शीर्षक दिलं, 'वैद्यांच्या पोटावर पाय का?' कंपनीचं उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं: 'आपलं मत आमच्यासाठी मोलाचं आहे', आणि खाली एक हसरा चेहरा. मला ती भजी आठवली.

सोमवारी नवा जॉब आला. एक वाजता मी मुद्दाम अप्पांशेजारी बसलो. सुवर्णानं तो घेतला होता. तिच्या तलवारवालीच्या नावापुढं नवी खूण चकाकत होती. अप्पा मोबाइल मांडीवर ठेवून, पाहुण्यासारखे लांबूनच बघत राहिले.

राक्षसानं तिला झोडपलं. तिच्या जिवाची हिरवी पट्टी निम्मी झाली, मग पिवळी, मग लाल. आता ही स्वतःला बरं करणार, म्हणून मी वाट बघत होतो.

पडद्यावरची तलवारवाली लढायची थांबली आणि तिनं हात वर केला.

"आलो, आलो गं!" अप्पांनी मोबाइल झडप घालून उचलला. पट्टी हिरवी झाली. थोड्या वेळानं पुन्हा लाल. पुन्हा हात.

माझ्या तोंडून निघून गेलं, "अहो अप्पा, बरं व्हायचं बटण तिला मिळालंय की! दिसलं नसेल. एक निरोप टाका, कळेल तिला."

अप्पांनी पडद्यावरची नजर हलवली नाही.

"गप बसा लीडर," म्हणाले. "सांगू नगा तिला."