मास्तरांच्या कंबरेचं माप

"श्वास सोडा. सोडा म्हणते ना! पोट आत ओढून माप देता होय?"

दर रविवारी सकाळी शिवणकामाच्या दुकानामागच्या खोलीत हा कार्यक्रम चाले. वजन उतरवा, नाहीतर हृदय दगा देईल, असं डॉक्टरांनी शिंपी मास्तरांना बजावलं होतं. मास्तरांनी ते हसण्यावारी नेलं, त्यांच्या बायकोने, बाईंनी, नाही. मास्तर घराचा जिना चढून आले की बाई हातातली सुई थांबवून त्यांची धाप ऐकत बसत. घरात गोड बंद झालं, लोणी बंद झालं. नवरा एकटा पडायला नको म्हणून बाईंनी स्वतःच्या चहातली साखरही सोडली. वजनकाट्यावर दोघांचाही भरवसा नव्हता. सगळा जन्म टेपवर गेलेला.

पण दुकानाला लागूनच बेकरी होती. क्रीमरोलचा वास भिंतीतून यायचा आणि मास्तरांची कात्री वाकडी चालायची. मग ते "जरा बटणं आणतो" म्हणून उठत आणि मिशी पुसत परत येत.

"अहो, किती बटणं लागतात हो एका शर्टाला?"

"फुटतात गं. हल्लीचा माल."

रविवार जवळ आला की मात्र मास्तर टेपकडे चोरून बघत. अखेर एकदा बाई बाहेर गेल्यावर मास्तरांनी त्यांची कापडी टेप ओली केली, खिळ्याला टांगली आणि खाली जड इस्त्री बांधली. टेप वाळेपर्यंत चांगली ताणली गेली. आकडे एकमेकांपासून लांब सरकले आणि मास्तरांची कंबर बसल्या जागी बारीक झाली.

"कमी झाली!" बाईंचे डोळेच भरून आले. "बघा, मनावर घेतलं की होतं."

मास्तरांनी त्या आनंदात दोन क्रीमरोल जास्त खाल्ले.

गिऱ्हाइकांची मापं बाई त्याच टेपने घेत आणि मास्तर कापड बेतत ते टेबलावरच्या लाकडी पट्टीने. लाकूड काही ताणलं जात नाही. एवढ्या जुन्या कारागिराला हे सुचायला हवं होतं, पण त्यांची सगळी हुशारी त्या दिवसांत बेकरीत जमा होती.

पहिल्या आल्या मुख्याध्यापिका. कोटाचं बटण काजापर्यंत पोचेना.

मास्तर सगळं सांगणारच होते, पण तोंडात क्रीमरोल होता.

"काही बोलू नका मास्तर," त्या म्हणाल्या. "तुमचं माप कधी चुकलंय का? मीच सुटलेय. आजपासून रात्रीचं जेवण बंद."

त्यांच्यामागून पोस्टमन आला, मग दवाखान्यातली नर्स. सगळ्यांचे कपडे घट्ट, आणि सगळे स्वतःलाच बोल लावत घरी गेले. संध्याकाळी रस्त्यावर ही माणसं हात हलवत भराभरा चालताना दिसू लागली. एके दिवशी बेकरीवाला रडवेला होऊन आला.

"मास्तर, काय झालंय हो लोकांना? क्रीमरोल दिसला की तोंड फिरवतात. उद्यापासून करतच नाही. कोंड्याचा पाव लावतो."

"अरे, असा हातपाय गाळू नकोस!" मास्तर इतकं कळवळून म्हणाले की बेकरीवाल्याला भरून आलं.

त्याच आठवड्यात लेकीकडे जायचं म्हणून मास्तरांनी बायकोसाठी नवा ड्रेस शिवला. माप बाईंनी स्वतःच घेतलं होतं. आतल्या खोलीत बराच वेळ खुडबुड झाली. मास्तर डोकावले. ड्रेस खांद्याशी अडकलेला, आणि बाई पाठ करून उभ्या.

"तुमच्याबरोबर सगळं सोडलं हो मी," त्या हळूच म्हणाल्या. "तुमचं उतरलं. माझं कसं वाढलं? मलाच काही आजार तर नसेल?"

टेप, इस्त्री, बटणं, सगळं मास्तरांनी एका दमात सांगून टाकलं.

बाई ओरडल्या नाहीत, त्यामुळे मास्तर जास्तच घाबरले. बाईंनी टेप कात्रीने मधोमध कापली आणि म्हणाल्या, "मला तुम्ही हवे आहात. आकडा नकोय. आता सगळ्यांच्या घरी जायचं, पायी. झालेलं सांगायचं, कपडे आणायचे, सैल करून परत पोचवायचे. आणि उभे राहा."

त्यांनी समोरून मास्तरांना मिठी मारली. मागे दोन्ही हातांची बोटं एकमेकांना लागेनात.

"पूर्वी लागायची," बाई त्यांच्या शर्टात तोंड खुपसून म्हणाल्या. "आता हेच माप."

मास्तर घरोघर हिंडले. मुख्याध्यापिकांनी त्यांना दारातच उभं करून तास घेतला. पोस्टमन एवढा हसला की सैल न करताच पॅन्ट उसवली. मास्तर रोज मान खाली घालून जात आणि गठ्ठे खांद्यावर टाकून येत. जिन्यावरची धाप हळूहळू कमी ऐकू येऊ लागली.

सगळे कपडे पोचते झाल्यावरच्या रविवारी बाईंनी हात मागे नेले आणि थबकल्या.

"अहो! लागली बोटं! टोकाला टोक लागलं!"

मास्तर हलले नाहीत.

"मला नाही वाटत," ते म्हणाले. "घाई करू नकोस. पुन्हा एकदा नीट बघ."