चाचांचा पंप थांबला पाहिजे

गुणवंतकाका जाहिरात वाचत नाहीत. ते डोळे मिटतात, अंगठा आणि बोट एकमेकांवर चोळतात आणि सांगतात, "कोरडं हाय व पोरी. फ्लेक्सवर उतरवू नको."

कापसाची गाडी जिनिंगवर नेली की व्यापारी तिच्यात हात खुपसतो, मूठभर कापूस काढून चिमटीत चोळतो आणि ओल किती ते सांगतो. काकांची तीच पद्धत. फरक एवढाच, की व्यापाऱ्याला ओल नको असते आणि काकांचं ओलीशिवाय चालत नाही. "कापूस कोरडा पाह्यजे, शब्द वला पाह्यजे. उलटं झालं का दोन्ही घरी वापस येते," हे वाक्य मी दिवसातून चार वेळा ऐकते.

बाभुळगावला स्टँडच्या मागे काकांचं फ्लेक्सचं दुकान आहे. आधी ते पेंटर होते, भिंती रंगवायचे. मग फ्लेक्स आले, त्यांनी मशीन बसवलं, पण कॉम्प्युटरला आजपर्यंत बोट लावलेलं नाही. ते बोलतात, मी टाइप करते. मी शीतल. शेजारच्या तांड्यावरची. आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट. तीन वर्षं रोज यवतमाळची बस धरून बी.ए. केलं. हे कोणी विचारलं नाही तरी मी सांगते. ज्यांच्या घरी आजोबांपासूनच्या डिग्र्या भिंतीवर आहेत त्यांना ते जरा जास्त वाटतं. वाटू द्या.

आता पंपाचं सांगते. आमच्या दुकानाला लागून करीमचाचांचं सायकल-पंक्चरचं दुकान आहे. मध्ये फक्त एक पत्रा. जाहिरात तयार झाली की काका मला ती मोठ्यानं वाचायला लावतात आणि पत्र्याला कान देऊन बसतात. पलीकडे चाचांचा हवेचा पंप फुस्स-फुस्स चालू राहिला की जाहिरात नापास. पंप थांबला की पास. गिऱ्हाइकाला आवडली की नाही, हे काका विचारतसुद्धा नाहीत. "गिऱ्हाइकाले कायले विचारतं? त्याले त्याचा माल आवडतेच. ज्याले काहीच घ्याचं नाही, त्याचा हात थांबला पाह्यजे."

भव्य, दिव्य, महासेल आणि सुवर्णसंधी हे चार शब्द आमच्या दुकानात बंद आहेत. "घासून घासून गुळगुळीत झाले ते. त्यायले पाझर नाही राह्यला." प्लास्टिकच्या पाण्याच्या टाकीची जाहिरात काकांनी एका ओळीत केली होती: 'आता तुमची माय हंडा घेऊन विहिरीत उतरणार नाही.' कूलरवाल्यासाठी लिहिलं: 'पाव्हणा उठून राह्यला? हे लावा, मुक्काम करते.' आणि चपलेच्या दुकानासाठी: 'शाळेच्या वाटेवर काटे हायेत. पोरगी तुमची हाय.'

ही शेवटची ओळ मी वाचली तेव्हा पंप तर थांबलाच, पण काका स्वतः उठले, पायात स्लिपर अडकवली आणि त्या दुकानातून मुलीच्या मापाची सँडल घेऊन आले. त्यांची मुलगी सुजाता तेव्हा सत्तावीस वर्षांची होती आणि सरकारी दवाखान्याच्या लॅबमध्ये नोकरीला होती. तिच्या शाळेच्या वाटेवरचे काटे जाऊन तिथं डांबरी रस्ता झाला त्याला जमाना लोटला होता. त्या उन्हाळ्यात ती जाहिरात ऑटोवरच्या भोंग्यातून गावभर फिरत होती. जेवढ्या वेळा ऑटो आमच्यासमोरून गेला, तेवढ्या वेळा मी काकांना हात धरून खाली बसवलं. तरी दोन जोड आणखी आलेच.

खोटं मात्र काका लिहीत नाहीत. एकदा केस उगवणारं तेल घेऊन एक जण आला. काकांनी टोपी काढली, टकलावर टिचकी मारली आणि म्हणाले, "पहिले इथं पेरून दाखव. उगवलं का लिवतो." तो माणूस बाटली तिथंच विसरून गेला. काकांनी तीन दिवस लावून पाहिलं. चौथ्या दिवशी बाटली चाचांकडे गेली, सायकलच्या चेनला.

माझा निकाल लागला तेव्हा माझ्या बापाला तांड्याच्या तोंडावर फ्लेक्स लावायचा होता. काकांनी पोपट, कमळ, तारे काहीच टाकू दिलं नाही. नुसता माझा फोटो आणि खाली: 'बापानं अंगठा उठवला. लेकीनं सही केली.' माझा बाप तो फ्लेक्स रोज सकाळी बघायला जायचा. स्वतःला वाचता येत नाही म्हणून येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून वाचायला लावायचा. आता तो फ्लेक्स आमच्या याडीनं, म्हणजे आईनं, कडब्याच्या गंजीवर अंथरला आहे. बैलांना रोज माझी डिग्री दिसते.

बैलांवरून आठवलं. तुळशीरामभाऊ नावाचे एक शेतकरी छोटा ट्रॅक्टर घेतल्यावर बैल विकायला म्हणून आले. त्यांना पत्रक हवं होतं. काकांनी खोदून खोदून विचारलं: बैल कधी घेतला, नाव काय, कशाला बुजतो. मग सांगायला लागले आणि मी टाइप करत गेले: 'याचं नाव राजा. आठ वर्षं यानं कधी चाबूक पाह्यला नाही. मालकाच्या बापाले दवाखान्यात यानंच दमणी वढून नेलं. आवाज दिला का मान वळवते. फक्त मान वळवणाऱ्याले आवाज देणारा पाह्यजे.' मी वाचलं. पंप थांबला. इकडे तुळशीरामभाऊंनी उपरणं डोळ्याला लावलं, उठले, म्हणाले, "राहू द्या भाऊ, नाही विकत," आणि निघून गेले. राजा अजून त्यांच्या गोठ्यात आहे. ट्रॅक्टरच्या बाजूला उभा राहून खातो.

"काका, गिऱ्हाईक गेलं ना!" मी म्हणाले.

"गेलं तं गेलं. जाहिरात लागू झाली का नाही?"

या सगळ्यापेक्षा काकांचं मोठं नाव होतं ते लग्नाच्या बायोडाट्यांसाठी. कळंब, नेर, पार दारव्ह्याहून लोक मुलींचे फोटो घेऊन यायचे. 'हिच्या येण्यानं उंबरठा हसन' ही काकांची ओळ. ती इतकी चालली, की जिल्ह्यातल्या मुलींच्या निम्म्या बायोडाट्यांत उंबरठे हसायला लागले. दोन वर्षांत काकांनी किती मुली उजवल्या याची मोजदाद नाही.

फक्त एक सोडून. सुजाता.

सुजाता चार वर्षांची असताना तिची आई गेली. तिची वेणी काका घालायचे. पेंटर माणूस, भांग असा सरळ आखायचे की भिंतीवर दोरी मारल्यासारखा. रिबिनीला कधी हिरवा, कधी लाल ऑइलपेंट लागलेला असायचा. हे तीच सांगते, हसत हसत. पण दोन वर्षं स्थळं येईनात तेव्हा ती हसायची बंद झाली. "मले लग्न कराचं हाय व शीतल," ती मला सरळ म्हणाली. "नोकरी हाय, पगार हाय, तोंडही बरं हाय. मामा बायोडाटा घेऊन गावोगाव फिरून राह्यला. मंग कोणी फिरकून काहून नाही पाह्यत?"

तिनं स्वतः तो बायोडाटा पाहिला नव्हता. काकांनी हातानं लिहून परस्पर मामांकडे दिला होता. बापाचं नाव एवढं, विचारायचं कशाला? शेवटी तिनं मामांकडून एक प्रत मागवली आणि भर दुपारी दुकानात येऊन काकांच्या पुढ्यात आपटली.

मी वाकून वाचलं. 'नाव सुजाता. उंची पाच फूट एक इंच. शिक्षण बी.एस्सी. नोकरी लॅबमध्ये. स्वयंपाक येते, पोळी जाड होते. राग येते. सकाळी बोलत नाही. बापाचं ऐकत नाही.'

"बाबा, हा बायोडाटा हाय का पंचनामा?"

"खरं हाय तेच लिवलं," काका तोंडातल्या तोंडात म्हणाले.

"गावाच्या पोरींचे उंबरठे हसवता. त्या बैलाले अर्धा ताव लिवला, मले आठ ओळी?"

"बैल विकाचा व्हता," काका म्हणाले. "तू का विकाची हायेस?"

सुजातानं पर्स खांद्याला लावली. "मंग ठेवता का घरीच, राजासारखी?" एवढं बोलून ती ड्यूटीवर निघून गेली. काकांनी त्या दिवशी एकही जाहिरात चोळली नाही. मी वाचत गेले, ते "दे उतरवून" म्हणत गेले.

संध्याकाळी दुकान बंद करताना चाचांनी मला हाक मारली. हातातली ट्यूब पाण्यात बुडवत, माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "बेटी, गुनवंतने पहला वाला अलग लिखा था. पूरे दो कागज. मेरे कू पढ़के सुनाया. मैं तो पंप छोड़ के नीचे बैठ गया."

"मग? तो कुठं आहे?"

"फाड़ दिया. बोला, चाचा, ये भेजा तो कल के कल ले जाएँगे."

मी हे सुजाताला सांगितलं. दुसऱ्या दिवशी ती बापाचा डबा घेऊन दुकानात आली. पोळ्या नेहमीसारख्या जाड होत्या. तिचं रागावणं तिथं संपलं. काळजी मात्र तशीच होती. नवा बायोडाटा लिहा असं ती म्हणाली नाही आणि लिहितो असं काका म्हणाले नाहीत.

आणि मग पंधरा दिवसांत ढाणकीहून पाहुणे आले. जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाहून. मुलगा शाळेत मास्तर, सोबत त्याची आई. घर बंद दिसलं म्हणून थेट दुकानात आले. काकांनी त्यांना स्टुलावर बसवलं, चहा सांगितला आणि पहिला प्रश्न विचारला तो व्यवसायाचा. "बाई, एवढ्या दूरून तुम्ही आले. कोन्त्या ओळीनं आले?"

बाई मोकळ्या होत्या. "भाऊ, माह्या घरी बायोडाट्यायची गड्डी हाय. सगळ्या पोरी शांत, सगळ्या सुगरण. अन् जिच्या-तिच्या येण्यानं उंबरठा हसते! आता उंबरठा कसा हसन बाप्पा? कोन्या शहाण्यानं काढलं कोण जाणे!"

मी कॉम्प्युटरच्या मागे तोंड लपवलं. काका चहात बघत होते.

"तुमचाच एक कागद असा भेटला का ज्या पोरीले राग येते," बाई म्हणाल्या. "मी म्हटलं, हे घर खोटं बोलत नाही. अन् सकाळी बोलत नाही लिवलं, तं माहा पोरगाही नाही बोलत. दोघं गुपचूप चहा पेतीन."

मास्तर लाजून हसले. काकांचा अंगठा बोटावर गेला, चोळत राहिला, बराच वेळ. मग ते मला म्हणाले, "जाय व शीतल, सुजीले बलाव. म्हणा, पाव्हणे आले."

सगळं पटापट जमलं. साक्षगंध झालं, तारीख निघाली. सुजाता लॅबमधून येता-जाता दुकानात डोकावायची आणि लग्नपत्रिकेचं काय झालं विचारायची. काका म्हणायचे, "शब्द वाळू घातले हायेत." एरवी ओला शब्द मागणाऱ्या काकांच्या तोंडून हे मी पहिल्यांदाच ऐकत होते.

शेवटी एका सकाळी ते माझ्या शेजारी स्टूल ओढून बसले. "लिव."

मी बोटं कीबोर्डवर ठेवली. पलीकडे चाचा कोणाच्या तरी चाकात हवा भरत होते. फुस्स, फुस्स. काकांनी टोपी काढली, परत घातली. सगळ्या तालुक्याची लग्नं ज्यांनी लावली त्यांना आपल्या घरच्या पत्रिकेला शब्द सापडत नव्हता. मी म्हणाले, "काका, उंबरठ्याची ओळ टाकू का?"

"गप बस व."

मग ते हळूच म्हणाले, मी तसंच्या तसं टाइप केलं आणि दुकानाच्या नियमाप्रमाणे मोठ्यानं वाचलं.

"'माही सुजी चालली. तुम्ही या. तिले पाठवाले मी एकटा पुरणार नाही.'"

काकांनी डोळे मिटले नाहीत. चिमटीही चोळली नाही. माझ्याकडे बघून विचारलं, "लय कोरडं झालं का व पोरी?"

मी पत्र्याकडे बोट केलं. पत्र्यापलीकडे कोणीतरी ओरडत होतं, "ओ चाचा! काहून थांबले? अर्धंच चाक भरलं ना माहं!"